अबोलपणा हा आजार नव्हे. पण चुकीची नोकरी आजारी पाडते

पोटदुखीची तक्रार घेऊन एक तरुण सात-आठ महिने माझ्या दवाखान्यात येत होता. वय २४, शिक्षण बी.कॉम. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) छातीत जळजळ, मळमळ, सकाळी उठल्याबरोबर पोटात पिळवटून येणे, भूक नाही, झोप नाही. मी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. तिखट-तेलकट बंद करायला लावले. सोनोग्राफी झाली, दुर्बिणीतून जठराची तपासणी झाली. सगळे अहवाल स्वच्छ. गोळ्या चालू असेपर्यंत थोडा आराम पडे, पुन्हा ये रे माझ्या मागल्या!

एकदा त्याचे आई-वडील सोबत आले. निघता निघता आई म्हणाली, "डॉक्टर, रविवारी दुपारपर्यंत अगदी चांगला जेवतो हो. संध्याकाळ झाली की तोंड उतरतं. आणि सोमवारी सकाळी चहासुद्धा पोटात ठरत नाही."

तेव्हा कुठे मी त्याला विचारले, "तू काम काय करतोस?" इतक्या महिन्यांत हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

"पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतो, दारोदार," तो खाली मान घालून म्हणाला. "रोज चाळीस घरं करायची. बेल दाबायच्या आधी पाच-पाच मिनिटं जिन्यातच उभा राहतो."

वडिलांनी लगेच खुलासा केला, "पहिल्यापासून घुमा आहे, डॉक्टरसाहेब. म्हणून तर मुद्दाम या नोकरीला लावला. चार लोकांत फिरला की आपोआप सुधारेल."

वडिलांना मी काय बोलणार? पहिल्याच भेटीत त्याच्या पाठीवर हात ठेवून "जरा लोकांत मिसळत जा" असा सल्ला मीही दिला होता. आज त्या सल्ल्याचे वाईट वाटते. म्हणूनच आजचा लेख.

अंतर्मुख म्हणजे काय?

माणसांचे अंतर्मुख आणि बहिर्मुख असे दोन कल असतात, ही कल्पना स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे सर्वत्र पोहोचली. सोप्या शब्दांत सांगायचे तर बहिर्मुख माणसाला चार लोकांत गेल्यावर तरतरी येते. अंतर्मुख माणूस चार लोकांत जाऊ शकतो, बोलूही शकतो. पण त्यानंतर तो दमतो आणि एकांतात बसल्यावर पुन्हा ताजातवाना होतो. बहुतेक लोक या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. अगदी टोकाची माणसे थोडी.

असे का होते? इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी १९६७ साली असे मत मांडले की, अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच अधिक जागा असतो. त्यामुळे बाहेरचा गोंगाट, गर्दी, गडबड त्याला लवकर पुरेशी होते. त्याच सुमारास जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकून लाळ मोजण्याचा एक गमतीदार प्रयोग झाला. त्यात अंतर्मुख व्यक्तींना सरासरीने जास्त लाळ सुटल्याचे आढळले. (वाचकांनी हा प्रयोग घरी करून मुलांची परीक्षा घेऊ नये! एकेका माणसाचा स्वभाव त्यावरून ठरत नाही.) आयसेंक यांचे सगळेच म्हणणे आज जसेच्या तसे मानले जात नाही. परंतु जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून एक गोष्ट पक्की झाली आहे. हा स्वभाव घडण्यात सुमारे निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. म्हणजे मुलगा अबोल आहे यात त्याचा हट्ट नाही आणि आईच्या लाडांचा दोषही नाही.

मग स्वभाव बदलता येणार नाही का? २०१९ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी काही लोकांना आठवडाभर मुद्दाम बहिर्मुखासारखे वागायला सांगितले. जे मुळातच बोलके होते त्यांना त्याचा फायदा झाला. जे अंतर्मुख होते त्यांना तो फायदा कमी मिळाला. उलट थकवा आला आणि आपण खोटे वागतो आहोत असे वाटू लागले. वाचकहो, हा फक्त एका आठवड्याचा प्रयोग. आमच्या त्या तरुणाचा प्रयोग वर्षभर चालला होता.

अबोल, लाजाळू आणि घाबरणारा

हे तिन्ही स्वभाव आपण 'घुमा' या एकाच शब्दात कोंबतो. वास्तविक ते वेगळे आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

अंतर्मुख माणसाला एकांत आवडतो. लग्नाच्या पंगतीत तो कोपऱ्यात बसेल, पण तेथे त्याला भीती वाटत नसते. लाजाळू माणसाला लोकांत जावेसे वाटते, पण पाऊल अडखळते. सवयीने, ओळखीने त्याची लाज पुष्कळ कमी होते.

तिसरा प्रकार मात्र आजाराचा आहे. लोक आपल्याकडे बघतील, हसतील, या भीतीने छातीत धडधडणे, घाम फुटणे, हात थरथरणे. दुसऱ्यांसमोर जेवता न येणे, सही करता न येणे. फोन वाजला तरी न उचलणे. असा प्रकार सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ चालला आणि त्यापायी शिक्षण, नोकरी, लग्न अडू लागले तर त्याला सामाजिक भयगंड म्हणतात. यावर चांगले उपचार आहेत. समुपदेशक विचारांची आणि वागण्याची पद्धतशीर तालीम देतात, भीतीच्या प्रसंगांना पायरी-पायरीने सामोरे जायला शिकवतात. गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञ औषधे देतात. मित्राने सांगितली म्हणून धडधड थांबवण्याची किंवा झोपेची गोळी घेऊ नये. "दोन घोट घेतले की जीभ मोकळी होते" हा तर सर्वांत घातक उपाय. अनेकांचे व्यसन याच वाटेने सुरू होते.

आणखी एक खूणगाठ बांधावी. जो माणूस पूर्वी बोलका होता आणि गेल्या काही महिन्यांत गप्प झाला, तो अंतर्मुख नव्हे. त्याला नैराश्य असू शकते, कानाने कमी ऐकू येत असेल, थायरॉइडचा त्रास असेल, व्यसन लागले असेल. अशा माणसाला नोकरीचा सल्ला नको, आधी तपासणी हवी. अडखळत बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीतही तेच. त्यांना वाचा-उपचारतज्ज्ञाकडे न्यावे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांसाठी विभाग असतो. शिवाय केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

नोकरीचे नाव नको, दिवस पाहा

'अबोल मुलासाठी कोणती नोकरी चांगली?' असे विचारले की लोक ठरावीक नावे सांगतात. ग्रंथपाल, संगणक, हिशेब. पण नावावरून फसगत होते. जमीन मोजणीचे काम नकाशाचे आणि आकड्यांचे वाटते. प्रत्यक्षात मोजणीदार बांधावर पोहोचतो तेव्हा दोन भाऊ एकमेकांवर धावून जाण्याच्या बेतात असतात. औषधांचे दुकान शांत वाटते. संध्याकाळी सात वाजता तेथे उभे राहून पाहा.

म्हणून कोणतेही काम पत्करण्यापूर्वी त्या कामाचा एक दिवस डोळ्यांसमोर आणावा आणि पाच प्रश्न विचारावेत.

१) दिवसाकाठी किती अनोळखी माणसांशी बोलावे लागेल? रोज तीच दहा माणसे असतील तर अंतर्मुख माणसाला सहसा त्रास होत नाही. रोज नवी चाळीस माणसे हा खरा भार.

२) बोलणे कशासाठी आहे? माहिती देणे वेगळे आणि गळी उतरवणे वेगळे. आपल्याला नीट ठाऊक असलेल्या विषयावर अबोल माणूसही सुंदर बोलतो.

३) सलग तासभर कोणी न अडवता काम करायला मिळेल का?

४) कामाचे मोजमाप कशाने होते? केलेले काम दिसते म्हणून, की साहेबांसमोर वावरले म्हणून?

५) दमल्यावर श्वास घ्यायला जागा आहे का? दहा मिनिटे एकटे बसता येईल अशी खोली, टेरेस, झाडाचा पार, काहीही.

पाचपैकी तीन-चार उत्तरे अनुकूल आली तर ते काम अंगाला मानवेल असे समजावे.

या कसोटीवर आपल्याच तालुक्यात कितीतरी कामे उतरतात. रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ; क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञ, ज्याच्यासमोर एका वेळी एकच रुग्ण असतो; दंतवैद्यांना कवळ्या करून देणारा कारागीर; दूध संघात किंवा साखर कारखान्यात नमुने तपासणारा; माती परीक्षण केंद्रातील कर्मचारी. आय.टी.आय.मधील टर्नर, मशिनिस्ट, ड्राफ्ट्समन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे अभ्यासक्रम. सनदी लेखापालांच्या कार्यालयातील हिशेब आणि कर-विवरणाची कामे. छापखान्यात किंवा प्रकाशकाकडे मुद्रितशोधन, भाषांतर. संगणकावर घरांचे नकाशे काढणे, संगणक प्रणाली लिहिणे आणि तपासणे. शेतीत रोपवाटिका, कलमे बांधणे, रेशीम किड्यांचे संगोपन. घड्याळ, मोबाइल, मोटर रिवाइंडिंग यांची दुरुस्ती. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्यांतही पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट, भूलतज्ज्ञ या वाटा आहेतच.

याचा अर्थ अंतर्मुखाने शिक्षक होऊ नये असा नव्हे. मराठीतील थोर कथाकार जी. ए. कुलकर्णी हे एकांतप्रिय म्हणून प्रसिद्ध होते. सभा-समारंभ ते टाळत. पण त्यांनी धारवाडच्या महाविद्यालयात अनेक वर्षे इंग्रजी शिकवले. आवडीचा विषय, ठरलेला तास आणि तासानंतर आपल्या घरातील शांतता, एवढे असले की बोलण्याचा पेशाही निभतो.

गहू आणि कुळीथ

"बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत" असे आपल्याकडे म्हणतात. व्यापारात हे खरेच आहे असा सर्वांचा समज. परंतु अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट यांनी २०१३ साली फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्वांत जास्त विक्री अतिबोलक्यांची नव्हती आणि अबोलांचीही नव्हती. ती मधल्या स्वभावाच्या लोकांची होती. अतिबोलका विक्रेता गिऱ्हाइकाचे ऐकूनच घेत नाही, हे त्यामागचे एक कारण असावे. तात्पर्य, जिभेइतकीच कानांचीही किंमत असते. अबोल माणूस ऐकतो, लक्षात ठेवतो आणि दिलेला शब्द विसरत नाही. छोट्या गावात धंदा या गुणांवर टिकतो.

परीक्षा शांत, नोकरी गजबजलेली

अबोल मुलांची मोठी धास्ती म्हणजे मुलाखत. त्यांना दिलासा देणारी गोष्ट अशी की, केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून 'क' गटातील आणि 'ब' गटातील अराजपत्रित पदांसाठी मुलाखती बंद केल्या. तेथे निवड लेखी परीक्षेवर होते. काही पदांना टंकलेखनासारखी कौशल्य चाचणी असते.

पण येथेच एक खड्डा आहे. बँकेतील लिपिकाच्या भरतीतही मुलाखत नसते. घरात चार वर्षे अभ्यास करून मुलगा ती परीक्षा उत्तम गुणांनी पास होतो आणि पहिल्याच दिवशी पेन्शनच्या तारखेला काउंटरवर बसतो! समोर दीडशे माणसे. तलाठ्याचेही तसेच. परीक्षा एकट्याने द्यायची, काम गावकीच्या गराड्यात करायचे. म्हणून परीक्षेचा अर्ज भरण्याआधी त्या पदावरच्या माणसाला गाठून विचारावे, "साहेब, सकाळी दहा ते सहा तुम्ही नेमके काय करता?" हा अर्ध्या तासाचा संकोच पुढची तीस वर्षे वाचवू शकतो. मग निर्णय काहीही घ्या, पण जाणूनबुजून घ्या.

जेथे मुलाखत आहे तेथे तयारीवर भर द्यावा. अंतर्मुख माणसाला आयत्या वेळी सुचत नाही, विचार करून उत्तम सुचते. तेव्हा 'स्वतःबद्दल सांगा', 'येथे का यावेसे वाटले', 'केलेले एक काम सांगा' अशा दहा प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत आणि घरात मोठ्याने म्हणावीत. केलेल्या कामाचा नमुना सोबत न्यावा. नकाशा, हिशेबाची वही, छायाचित्रे. कागद समोर असला की बोलणे आपोआप कागदाभोवती फिरते. उत्तरापूर्वी दोन क्षण थांबलात तर बिघडत नाही. "जरा विचार करून सांगतो" एवढे म्हणावे.

आहे ती नोकरी सोडवत नसेल तर

सर्वांनाच नोकरी बदलणे परवडत नाही. घरचे हप्ते असतात, जबाबदाऱ्या असतात. अशांनी कामाची मांडणी बदलून पाहावी. एक शिलाईकाम करणाऱ्या बाई डोकेदुखीसाठी येत. दिवसभर गिऱ्हाइकांची ये-जा, एक शिवण सलग होईना. त्यांनी दारावर पाटी लावली : 'मापे व कपडे देणे-घेणे दुपारी ४ ते ६'. दोन-चार गिऱ्हाइके कुरकुरली, मग सर्वांना सवय झाली. डोकेदुखी बरीच कमी झाली.

तुम्हालाही असे काही करता येईल. माणसांची कामे दिवसाच्या एका भागात आणि कागदांची दुसऱ्या भागात ठेवावीत. डबा कधी सर्वांसोबत, कधी एकट्याने खावा. घरी आल्याबरोबर अर्धा तास कोणी काही विचारू नये, असे घरच्यांना प्रेमाने सांगून ठेवावे. कार्यालयात खाते बदलून मागता येते. 'मला बोलायला नको' असे न सांगता 'नोंदी आणि हिशेबाचे काम मी जास्त चांगले करीन' असे सांगावे.

मात्र कामापुरते बोलणे प्रत्येकाने शिकलेच पाहिजे. नमस्कार करणे, शंका विचारणे, नकार देणे, केलेले काम वरिष्ठांना सांगणे, पगार मागणे. या पाच गोष्टींवाचून कोणत्याही नोकरीत निभाव नाही. अंतर्मुखपणा ही त्यातून सुटण्याची सबब नव्हे.

आणि एक इशारा. 'घरबसल्या डेटा एन्ट्री, महिना तीस हजार, आधी नोंदणी शुल्क भरा' अशा संदेशांना एकांतप्रिय मुले-मुली लवकर भुलतात. काम देणारा प्रामाणिक मालक आधी पैसे मागत नाही. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. घरून करण्याची चांगली कामेही असतात. पण अनेक दिवस एकाही माणसाचे तोंड न पाहणे अंतर्मुखालाही मानवत नाही, हे लक्षात ठेवावे.

पालकांसाठी

पाहुण्यांसमोर "आमचा जरा मुखदुर्बळ आहे", "आमची माणूसघाणी आहे" असे म्हणू नका. मूल ते ऐकते आणि तेच खरे मानते. त्याला काय येत नाही यापेक्षा ते तासन्‌तास कशात रमते ते पाहा. घरातला मिक्सर उघडून बसणारी मुलगी, वहीत क्रिकेटचे आकडे मांडून ठेवणारा मुलगा, ही मुले आपली वाट दाखवतच असतात.

त्या तरुणाचे पुढे काय झाले? ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या एका दुकानात गोदाम सांभाळायला माणूस हवा होता. तेथे तो लागला. पगार आधीपेक्षा कमी होता. वडील महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. आज त्या गोदामातील कोणता भाग कोणत्या फळीवर आहे आणि किती शिल्लक आहे, हे त्याला वही न उघडता सांगता येते. मालक खरेदीही त्यालाच विचारून करतात. जेवायला उशीर झाला की जळजळ अजून होते, नाही असे नाही. पण सोमवारची उलटी थांबली.

परवा तो आला, तो वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. मी विचारले, "कसा आहेस?" "बरा आहे," एवढेच म्हणाला आणि हसला.

पोटाच्या, डोक्याच्या, झोपेच्या जुन्या तक्रारींसाठी तपासण्या अवश्य करून घ्या. त्या टाळू नका. अहवाल स्वच्छ आले तर मात्र स्वतःला आणि आपल्या डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारा : दिवसाचे आठ-दहा तास मी जेथे काढतो, ती जागा माझ्या स्वभावाला मानवते आहे का?